अदृश्य वेदना आणि मज्जातंतू-उद्दीपन : दीर्घकालीन भगवेदनेच्या उपचाराचा इतिहास व ग्रामीण महाराष्ट्र

गोषवारा

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियात, म्हणजेच भगप्रदेशात, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या आणि बाहेरून कोणतीही खूण न दाखवणाऱ्या वेदनेला आधुनिक वैद्यक 'व्हल्व्होडायनिया' म्हणते. या वेदनेवर मज्जातंतूंना सौम्य विद्युत उद्दीपन देण्याचा उपचार गेल्या काही दशकांत पुढे आला. प्रस्तुत लेखात या उपचाराचा इतिहास मांडला असून त्याची सांगड महाराष्ट्र व गोव्यातील स्त्री-आरोग्याच्या अभ्यासांशी घातली आहे. उपचाराचे यंत्र उपलब्ध होणे आणि वेदनेला वैद्यकीय मान्यता मिळणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली बरीच पुढे गेली आहे, तर दुसरी मागे राहिली आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भगवेदना, मज्जातंतू-उद्दीपन, टेन्स, स्त्री-आरोग्य, वसा-अमिर्झा पाहणी, ग्रामीण आरोग्यसेवा.

१. प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे औषध, एखादे यंत्र किंवा एखादी शस्त्रक्रिया कोणी व केव्हा शोधली, याची नोंद त्यात प्राधान्याने होते. परंतु उपचाराला अर्थ येण्यासाठी आधी रोगाची ओळख पटावी लागते. रुग्ण जे सांगतो ते खरे आहे आणि त्याला नाव आहे, हे वैद्याने मान्य करावे लागते. ज्या व्याधीची खूण डोळ्यांना दिसत नाही, तपासणीच्या अहवालात सापडत नाही आणि जिचा उच्चार करणेही समाजाला अप्रशस्त वाटते, तिच्या बाबतीत ही ओळख पटायला शतके लागू शकतात. दीर्घकालीन भगवेदना ही अशीच व्याधी आहे.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर भोर तालुक्यातील किकवी हे गाव आहे. एका बाजूला पुण्यासारखे वैद्यकीय सोयींचे शहर आणि दुसऱ्या बाजूला भोर-वेल्ह्याचा डोंगराळ, भातशेतीचा मुलूख, अशा दोन जगांच्या मधोमध ते वसले आहे. यंत्र आणि रुग्ण यांच्यातील अंतर मोजायचे झाल्यास असे गाव हा एक उपयुक्त मापबिंदू ठरतो. या अंतराचा किती भाग रस्त्याचा आणि किती भाग भाषेचा, संकोचाचा व वैद्यकीय दुर्लक्षाचा आहे, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

२. प्राचीन वैद्यकातील नोंद

आयुर्वेदाने स्त्रीच्या जननेंद्रियाच्या विकारांची स्वतंत्र गणना केली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अडतिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे विवेचन येते. त्यांतील 'वातला' या प्रकाराची लक्षणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. टोचल्यासारखी पीडा, ताठरपणा, मुंग्या चालल्यासारखी जाणीव, खरखरीतपणा आणि बधिरता अशी ती सांगितली आहेत. 'पित्तला' या प्रकारात दाह म्हणजे आग होणे हे प्रमुख लक्षण आहे. वातज विकारांवर स्नेहन, स्वेदन आणि औषधी तेलात भिजवलेला कापसाचा पिचू ठेवणे असे उपचार सुचवले आहेत.

प्राचीन ग्रंथातील वातला योनी म्हणजेच आजचा व्हल्व्होडायनिया, असे समीकरण मांडणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. दोन्ही संकल्पनांच्या मागील शरीरविचार भिन्न आहेत. तथापि या वर्णनात वेदना, स्पर्शाची विकृत जाणीव व ताठरपणा यांना रोगलक्षण म्हणून स्थान आहे, आणि त्यांच्या ग्राह्यतेसाठी व्रण किंवा स्राव दिसण्याची अट घातलेली नाही, हे महत्त्वाचे आहे. रुग्ण स्त्रीचा अनुभव हाच येथे निदानाचा आधार आहे. पुढील काळात पाश्चात्त्य वैद्यकाला याच मुद्द्यावर दीर्घ वळसा घ्यावा लागला.

३. पाश्चात्त्य वैद्यकातील नामकरण आणि मौन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रीरोगशास्त्र स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहिले. अमेरिकन शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांनी १८६१ मध्ये 'व्हजायनिस्मस' ही संज्ञा मांडली. योनिमार्गाच्या मुखाशी स्पर्श होताच तीव्र वेदना व स्नायूंचे आकुंचन होणे, असे तिचे स्वरूप होते. याच सिम्स यांनी १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. कोणाची वेदना ग्राह्य धरावी आणि कोणाची नाही, हा भेद या शास्त्राच्या पायाभरणीतच होता, हे यावरून ध्यानात येते.

१८८० च्या सुमारास टी. गेलार्ड थॉमस यांनी भगप्रदेशाच्या अतिसंवेदनशीलतेचे वर्णन केले. लाली, सूज किंवा व्रण नसतानाही किंचित स्पर्शाने असह्य वेदना होतात, अशी त्यांची नोंद होती. अलेक्झांडर स्कीन यांनीही त्याच दशकाच्या अखेरीस अशीच स्थिती वर्णिली. पुढे मात्र हा विषय पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ नाहीसा झाला. विसाव्या शतकात जंतुशास्त्र व सूक्ष्मदर्शक यांचे प्रस्थ वाढत गेले, तसतसे ज्या तक्रारीमागे जंतू किंवा पेशींतील बदल सापडत नाही, ती तक्रार मनाच्या खात्यावर टाकण्याची प्रवृत्ती बळावली.

१९७० मध्ये भगप्रदेशाच्या विकारांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या १९७६ च्या अधिवेशनात भगप्रदेशाची आग होणे हा स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून चर्चेला आला. तरीही १९७८ मध्ये एडवर्ड फ्रीड्रिक व त्यांचे सहलेखक डॉडसन यांनी अशा तक्रारींविषयी लिहिताना 'मनोकायिक' हेच विशेषण वापरले. याच फ्रीड्रिक यांनी १९८७ मध्ये योनिद्वाराच्या वेदनेचे तीन शारीरिक निकष मांडले. स्पर्श किंवा प्रवेशाच्या प्रयत्नाने वेदना, योनिद्वारावर दाब देताच दुखणे आणि तेथील लाली हे ते निकष होत. नऊ वर्षांच्या अंतराने एकाच चिकित्सकाच्या लेखनात दिसणारा हा बदल वैद्यकाच्या बदलत्या दृष्टीचे चांगले उदाहरण आहे. स्त्रियांच्या तक्रारीचे स्वरूप मधल्या काळात बदललेले नव्हते. तपासण्याची पद्धत तेवढी बदलली होती.

पुढे लालीची अटही गळाली. १९९८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी या रुग्णांच्या योनिद्वाराच्या ऊतींत मज्जातंतूंच्या शाखांची संख्या वाढलेली असल्याचे दाखवले. ज्याला मनाचा खेळ म्हटले जात होते, त्याला सूक्ष्मदर्शकाखालील आधार मिळाला. २००३ च्या परिभाषेत दृश्य विकृती नसतानाही होणारी, बहुधा आगीसारखी वेदना अशी व्हल्व्होडायनियाची व्याख्या झाली. २०१५ च्या सहमतीच्या परिभाषेने किमान तीन महिने टिकणारी, स्पष्ट कारण न सापडणारी वेदना असे तिचे स्वरूप निश्चित केले.

या व्याधीची व्याप्ती किती, याची कल्पना हार्लो व स्ट्यूअर्ट यांच्या २००३ च्या अभ्यासाने दिली. बोस्टन परिसरातील सुमारे ४,९०० स्त्रियांच्या पाहणीत जवळपास १६ टक्के स्त्रियांनी तीन महिने किंवा अधिक काळ टिकलेल्या अशा वेदनेचा अनुभव सांगितला. त्यांतील सुमारे ४० टक्के स्त्रिया उपचारासाठी कोणाकडेही गेल्या नव्हत्या. ज्या गेल्या, त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना तीन किंवा अधिक डॉक्टर पालथे घालावे लागले होते. वैद्यकीय सोयींनी संपन्न असलेल्या शहरातील ही स्थिती आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

४. विजेपासून मज्जातंतूपर्यंत

वेदनेवर विजेचा प्रयोग प्राचीन आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व संधिवातावर विद्युत धक्का देणाऱ्या टॉर्पेडो माशाचा उपयोग सांगितला आहे. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये जॉर्ज अपोस्तोली यांनी गर्भाशयाच्या गाठींवर विद्युत प्रवाहाचे उपचार केले व स्त्रीरोगचिकित्सेत विजेचा काही काळ बोलबाला झाला. परंतु विजेने वेदना का कमी व्हावी, याचे पटणारे उत्तर तेव्हा उपलब्ध नव्हते. सिद्धान्ताचे पाठबळ नसल्यामुळे हे उपचार चमत्कार आणि भोंदूगिरी यांच्या सीमेवरच रेंगाळले.

हे पाठबळ १९६५ मध्ये मिळाले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेदनेचा द्वारनियंत्रण सिद्धान्त मांडला. या सिद्धान्तानुसार वेदनेचे संदेश शरीराकडून मेंदूकडे सरळ तारेने पोहोचत नाहीत. मज्जारज्जूत एक प्रकारचे दार असते. स्पर्श व कंप यांचे संदेश नेणारे जाड मज्जातंतू उद्दीपित झाले की हे दार काहीसे मिटते आणि वेदनेचे संदेश नेणाऱ्या बारीक तंतूंची वाट अडते. ठेच लागलेला अंगठा आपण हाताने दाबून धरतो किंवा चोळतो, त्यामागील कारण या सिद्धान्ताने समजते. मेंदूकडून खाली येणारे संदेशही या दारावर परिणाम करतात. त्यामुळे भीती, लक्ष व पूर्वानुभव यांचा वेदनेशी असलेला संबंध शरीरशास्त्राच्या चौकटीत आला. सिद्धान्ताच्या काही तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, परंतु त्याचे ऐतिहासिक महत्त्व उणावले नाही.

१९६७ मध्ये वॉल व स्वीट यांनी मज्जातंतूंना विद्युत उद्दीपन देऊन माणसातील वेदना तात्पुरती थांबवता येते, हे दाखवले. त्याच वर्षी अमेरिकन शल्यचिकित्सक नॉर्मन शिली यांनी मज्जारज्जूजवळ उद्दीपक यंत्र बसवले. अशी शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णाला लाभेल, हे आधी पाहण्यासाठी त्वचेवरून विद्युत स्पंद देणारी छोटी यंत्रे वापरली जात. काही रुग्णांना या चाचणीनेच पुरेसा आराम पडू लागला आणि १९७० च्या दशकात 'टेन्स' हा स्वतंत्र उपचार रूढ झाला. चाचणीसाठी केलेले साधन असे उपचाराचेच साधन बनले.

५. भगवेदनेवरील उद्दीपन : पद्धती व पुरावा

भगप्रदेशाची संवेदना मुख्यतः प्युडेंडल मज्जातंतूद्वारे वाहून नेली जाते. हा तंतू माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या त्रिक मुळांपासून बनतो. त्यामुळे उद्दीपनाचे तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग जागच्या जागी, म्हणजे योनिमार्गात किंवा त्वचेवर विद्युत अग्र ठेवून टेन्स देण्याचा. दुसरा मार्ग त्रिक मज्जातंतूजवळ तार बसवून कायमचे यंत्र रोपण करण्याचा. तिसरा मार्ग घोट्याच्या आतील बाजूस असलेल्या टिबियल मज्जातंतूद्वारे त्याच त्रिक मुळांपर्यंत पोहोचण्याचा.

यांपैकी त्रिक उद्दीपनाचा जन्म वेदनेसाठी झाला नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील तानाघो व श्मिट यांनी मूत्राशयाच्या विकारांसाठी ते विकसित केले. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला तीव्र मूत्रवेगामुळे होणाऱ्या असंयमासाठी मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या रुग्णांत ओटीपोटाची वेदनाही कमी होत असल्याचे आढळल्यावर चिकित्सकांनी त्याचा वापर भगवेदनेसाठी करून पाहिला. या विषयावरील प्रकाशने एकेका रुग्णाच्या किंवा लहान गटांच्या वृत्तान्तांपुरती मर्यादित आहेत. टिबियल उद्दीपनाचा आरंभ १९८३ मध्ये मॅग्वायर यांच्या मूत्राशयावरील कामातून झाला. त्यामागे चिनी सूचिवेध पद्धतीतील घोट्याजवळच्या बिंदूची प्रेरणा होती.

टेन्सच्या बाबतीत पुरावा थोडा अधिक सबळ आहे. इटलीतील फिलिप्पो मुरिना व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये योनिद्वाराच्या वेदनेच्या ४० रुग्णांवर यादृच्छिक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला खरे उद्दीपन आणि दुसऱ्या गटाला लटके उद्दीपन अशी आठवड्यातून दोन वेळा मिळून वीस सत्रे देण्यात आली. खऱ्या उद्दीपनाच्या गटात वेदना व संबंधाच्या वेळचा त्रास लक्षणीयरीत्या घटला. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील एका अभ्यासात ३९ स्त्रियांनी इतर उपचारांच्या जोडीला घरच्या घरी टेन्स वापरला व त्यांनाही आराम पडल्याचे नोंदवले गेले. मात्र त्यात तुलनेचा गट नव्हता.

या पुराव्याचे मूल्यमापन संयमाने करावयास हवे. चाचण्या थोड्या व लहान आहेत. अनुभवातून रूढ झालेल्या उपचारक्रमात समुपदेशन, त्वचेची काळजी, श्रोणितलाच्या म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, वेदनेवरील औषधे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया यांचा समावेश होतो. टेन्स हे या क्रमातील एक साहाय्यक साधन आहे. हृदयात पेसमेकर असलेल्या किंवा गरोदर स्त्रीला ते तज्ज्ञाच्या निर्णयाशिवाय देता येत नाही. तरीही या उपचाराने एक वैचारिक काम केले. वेदनेचा उगम मज्जातंतूंच्या वर्तनात शोधल्यामुळे 'जंतू नाही, म्हणजे मनाचे आहे' ही दुहेरी कोंडी त्याने फोडली. जंतू व मन यांच्या जोडीला निदानाचा तिसरा मार्ग खुला झाला.

६. महाराष्ट्र व गोवा : मौन, गणना आणि वर्गीकरण

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास मौनापासून सुरू होतो. परपुरुष वैद्यापुढे स्त्रिया आपले आजार उघड करीत नाहीत, ही अडचण आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाण्याचे कारण म्हणून मांडली होती. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. त्यानंतरही लैंगिक आरोग्याविषयी मराठीत बोलण्याची किंमत मोजावी लागत होती. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता, ही बाब अर्थपूर्ण आहे. शरीराविषयी प्रश्न विचारणे आणि त्याला उत्तर देणे हाच आक्षेपाचा मुद्दा ठरला होता.

या मौनाला आकड्यांचे उत्तर गडचिरोलीतून मिळाले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची स्त्रीरोगविषयक तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार आढळले. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रुग्णालयात न येणाऱ्या स्त्रियांकडे संशोधक स्वतः गेले, हे या पाहणीचे वेगळेपण होते. माता व बालक यांपुरत्या सीमित असलेल्या आरोग्यधोरणाला तिने मोठा धक्का दिला. स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांतील अनुभव डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा' या पुस्तकातून मराठी वाचकांपर्यंत पोहोचले.

वसा-अमिर्झाच्या पाहणीत आढळलेल्या आजारांचा जवळपास निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. धोरणकर्त्यांनी साहजिकच हा निम्मा भाग उचलला. १९९७ मध्ये सुरू झालेल्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गाला स्थान मिळाले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, लक्षणसमूहानुसार उपचारासाठी सात रंगांची औषधपाकिटे आली. योनिमार्गाच्या स्रावासाठी हिरवे, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे, व्रणांसाठी पांढरे, निळे किंवा लाल अशी त्यांची विभागणी होती. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी संसर्गाचा उपचार सुलभ करणारी ही व्यवस्था उपयुक्त होती. मात्र स्राव नाही, व्रण नाही, केवळ आग आणि स्पर्शाची वेदना आहे, अशा स्त्रीसाठी त्यांत कोणताही रंग नव्हता. व्यवस्थेत पाकीट नसले की ती तक्रार जवळच्या पाकिटात बसवली जाते. परिणामी संसर्ग नसलेल्या स्त्रीला संसर्गाची औषधे पुन्हा पुन्हा मिळण्याचा संभव निर्माण होतो.

हा संभव किती खरा आहे, याचे सूचन गोव्यातील अभ्यासाने केले. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 'संगाथ' या संस्थेच्या वतीने बार्देश तालुक्यातील हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अंगावरून पांढरे जाणे व अन्य जननेंद्रियविषयक तक्रारींचा संबंध संसर्गापेक्षा मनोसामाजिक ताणांशी अधिक दृढ होता. प्रत्येक तक्रारीमागे जंतू शोधण्याच्या पद्धतीला हे महत्त्वाचे आव्हान होते.

गोव्यातील निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र दक्षता हवी. मनोसामाजिक ताणाशी संबंध असणे म्हणजे वेदना काल्पनिक असणे नव्हे. द्वारनियंत्रण सिद्धान्तानुसार ताण, भीती व घरातील हिंसा यांचा परिणाम मज्जासंस्थेतील वेदनेच्या दारावर होऊ शकतो. दीर्घकाळ टिकलेली वेदनाही उलट ताण उत्पन्न करते. हा दुवा न ओळखल्यास एकोणिसशे सत्तरच्या दशकातील 'मनोकायिक' हा शिक्का नव्या आकडेवारीच्या आधाराने पुन्हा उमटण्याचा धोका राहतो. वसा-अमिर्झाने स्त्रियांच्या दुखण्याला संख्या दिली आणि हळदोण्याने संसर्गाच्या चौकटीची मर्यादा दाखवली. वेदना हाच स्वतंत्र आजार मानणारी तिसरी पायरी सार्वजनिक आरोग्याच्या नियोजनात अजून ठळकपणे दिसत नाही.

७. किकवीपासून यंत्रापर्यंतचे अंतर

या पार्श्वभूमीवर किकवीसारख्या गावातून हा विषय कसा दिसतो, हे पाहणे उद्‌बोधक आहे. विजेचा शेक ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. पोलिओच्या साथींनंतर, १९५३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. तेव्हापासून ही शाखा विस्तारत गेली आणि २००२ च्या अधिनियमाने राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद झाली. कंबर, मान आणि गुडघा यांच्या दुखण्यासाठी 'करंट' किंवा 'शेक' घेऊन आलेली माणसे आज गावोगावी भेटतात. त्यांतील अनेकांनी घेतलेला उपचार टेन्सच असतो. काही हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र तालुक्याच्या ठिकाणीही दुर्मीळ राहिलेले नाही. लाखांत जाणारे त्रिक रोपण मात्र मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरतेच राहणार.

याचा अर्थ भगवेदनेच्या संदर्भात यंत्राची उणीव ही दुय्यम बाब आहे. उणीव आहे ती यंत्रापर्यंत नेणाऱ्या साखळीची. पहिली कडी स्त्रीने बोलण्याची. भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारी, वडापच्या गाडीत दाटीने बसून बाजाराला जाणारी स्त्री बसताना होणारी आग कामाचा व उन्हाचा परिणाम मानून सोसते. विवाहित स्त्रीला शरीरसंबंध असह्य होत असेल, तर तिच्या वाट्याला समजुतीपेक्षा संशय येतो. दुसरी कडी ऐकणाऱ्याची. २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा कार्यकर्ती बहुतेकदा पहिली श्रोती असते. परंतु तिच्याकडील कामे प्रामुख्याने गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण व कुटुंबनियोजन यांभोवती गुंफलेली आहेत. तिसरी कडी तपासणीची. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ प्रदेशात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला या व्याधीचे नाव ठाऊक असणे आणि तपासणीसाठी आडोसा व वेळ असणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

या तपासणीचा खर्च नगण्य आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. संसर्ग व त्वचारोग नसल्याची खात्री करून ओल्या कापसाच्या बोळ्याने योनिद्वाराच्या निरनिराळ्या बिंदूंवर हलका दाब द्यायचा आणि स्त्रीला कोठे व किती दुखते हे विचारायचे, एवढीच या निदानाची मुख्य कसोटी आहे. तीत यंत्र नाही, प्रयोगशाळाही नाही. स्त्रीचे उत्तर हाच तपासणीचा अहवाल असतो.

म्हणूनच भाषेचा प्रश्न येथे वैद्यकीय प्रश्न ठरतो. मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या मोजमापासाठी प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत ७८ शब्द वीस गटांत विभागले आहेत. वेदनेचा प्रकार तिच्या वर्णनावरून ओळखता येतो, हे तिचे गृहीतक आहे. मराठीत अशा शब्दांची वाण नाही. ठणका, कळ, चमक, आग, चुरचुर, हुळहुळणे, टोचणे, मुंग्या येणे, सल या प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे. मज्जातंतूंच्या वेदनेचे वर्णन सामान्यतः आग, चमक, टोचणे व मुंग्या अशा शब्दांनी होते, तर सुजेच्या वेदनेला ठणका हा शब्द अधिक जवळचा आहे. परंतु जननेंद्रियाच्या संदर्भात हा समृद्ध शब्दसंग्रह आटतो आणि 'खाली त्रास होतो' किंवा 'अंगावरून जाते' एवढ्या दोन वाक्यांत सर्व दुखणी सामावली जातात. दुसरे वाक्य ऐकताच व्यवस्थेचा हात संसर्गाच्या पाकिटाकडे वळतो. 'आग होते की ठणकते, आपोआप की स्पर्शाने, किती महिन्यांपासून' हे तीन प्रश्न विचारले गेले, तर वाट बदलू शकते.

उद्दीपनाच्या पद्धतींतही ग्रामीण परिस्थितीला अनुकूल शक्यता आहेत. घोट्याजवळून किंवा त्रिकास्थीवरील त्वचेवरून दिल्या जाणाऱ्या उद्दीपनाला अंतर्गत तपासणीचा संकोच आड येत नाही. भगवेदनेवरील त्याची उपयुक्तता सिद्ध करण्यास मोठ्या चाचण्या हव्यात. अशा चाचण्या केवळ महानगरांतील रुग्णांवर न करता ग्रामीण स्त्रियांना सामावून घेऊन केल्यास त्यांचे निष्कर्ष अधिक उपयोगी ठरतील. गावात जाऊन तपासणी करता येते, हे वसा-अमिर्झाने १९८९ मध्येच दाखवून दिले आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, भगवेदनेवरील मज्जातंतू-उद्दीपनाचा इतिहास सरळ रेषेत घडलेला नाही. वेदनेचा सिद्धान्त, मूत्राशयाचे उपचार आणि स्त्रीरोगशास्त्रातील परिभाषा असे तीन स्वतंत्र प्रवाह विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आले, तेव्हाच हा उपचार संभवला.

दोन, या उपचाराचा पुरावा आश्वासक असला तरी मर्यादित आहे. त्याचे निर्विवाद योगदान वैचारिक स्वरूपाचे आहे. खूण न दाखवणारी वेदना शारीरिक असू शकते, ही गोष्ट त्याने प्रस्थापित करण्यास साहाय्य केले.

तीन, महाराष्ट्र व गोव्यातील अभ्यासांनी स्त्रियांच्या मूक आजारांना सार्वजनिक आरोग्याच्या नकाशावर आणले. परंतु धोरणाने संसर्ग तेवढा उचलला आणि वेदना त्या नकाशाबाहेर राहिली.

चार, किकवीसारख्या गावातील स्त्री आणि टेन्सचे यंत्र यांच्यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याइतके मोठे उरलेले नाही. ते एका प्रश्नाचे आणि कापसाच्या एका बोळ्याचे आहे. आशा कार्यकर्तीच्या प्रशिक्षणात वेदनेविषयीचे तीन प्रश्न आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या उजळणी वर्गात या व्याधीची ओळख एवढ्या अल्प खर्चात ते कमी करता येईल. हे घडेपर्यंत, दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये नोंदवली गेलेली व्याधी भोर-वेल्ह्याच्या मुलखात उष्णता, धुपणी किंवा स्वभावदोष या नावांनीच वावरत राहील.